झेडपर्यंत आलेला खलाशी

इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांत मिळून एक पुस्तक तयार होत होतं. इंग्रजीचे अवघड शब्द शिकवणारं पुस्तक. मोठ्या परीक्षांना बसणारी, साहेबासमोर तोंड उघडायला घाबरणारी मंडळी असली पुस्तकं हौसेने विकत घेतात, पहिली चार-दोन पानं घोकतात आणि मग पुस्तक कपाटावर टाकून देतात. त्यामुळे ए अक्षराच्या शब्दांत सगळं जग हुशार असतं. बीपासून पुढची काळजी कोणी करत नाही. ती या दोन खोल्यांतली दोन माणसं करत होती.

पहिल्या खोलीत मास्तर बसायचे. उभा जन्म शाळेत गेलेला, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. कुठला शब्द पुस्तकात घ्यायचा हे ते ठरवत आणि त्याची व्याख्या लिहीत. व्याख्या अशी, की तिच्यात मूळ शब्दापेक्षा अवघड शब्द एकही नको. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे नाकीनऊ येतात. व्याख्या लिहिलेलं कार्ड ते भिंतीतल्या छोट्या खिडकीतून पलीकडच्या खोलीत सरकवत. पलीकडे बसायची ती उदाहरणबाई. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. घरी तिला सगळे ताई म्हणत, सगळे म्हणजे आता एकटी आईच.

ताईचं काम त्या शब्दाचं एक वाक्य लिहायचं. वाक्याला दोन नियम होते. एक, शब्दाचा अर्थ माहीत नसलेल्यालाही वाक्य वाचून तो उमगला पाहिजे. दुसरा, एका वाक्यात एकच गोष्ट घडली पाहिजे. दोन घडल्या की शिकणारा बिचारा कुठल्या गोष्टीला कुठला शब्द लावावा या घोळात पडतो. दुसरा नियम मास्तरांचा फार लाडका होता. तो मोडला की ते लाल पेन्सिलीने अर्धं वाक्य कापत आणि कार्ड परत खिडकीतून यायचं.

खालच्या दुकानात दिवसभर इस्त्र्या चालत. वाफ फळ्यांच्या फटींतून वर येऊन ताईच्या टेबलाच्या पायांशी घोटाळायची. वाफ असली तरी खोली गारच. म्हणून ताई बारा महिने आईने विणलेला निळा स्वेटर घालून बसायची. त्याची लोकर जराशी कुरळी, नव्या लोकरीला न शोभणारी. "उदाहरणबाई, तुमचा स्वेटर तुमच्यापेक्षा अनुभवी दिसतो," असं मास्तर एकदा म्हणाले होते. ताईने मनावर घेतलं नाही. त्या वाफेत बसून वाक्यं लिहिता लिहिता तिच्याभोवती हळूहळू एक गाव वसलं होतं. ऑब्स्टिनेट या शब्दातला हट्टी माळी तिथे अजून त्याच वाळक्या गुलाबाला पाणी घालत होता. फ्रूगल या शब्दातली काटकसरी मावशी एकाच चहापत्तीचा दुसऱ्यांदा चहा करत होती. आणि या सगळ्यांपासून दूर, वाटेवर कुठेतरी, एक खलाशी होता.

तो आला कसा ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

ताईचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर कामाला होता. एका सफरीनंतर जहाज बंदरात आलं, पण तो आला नाही. कंपनीने चौकशी चालू आहे असं कळवलं, मग चौकशी चालू आहे असंच कळवत राहिली, आणि मग तेही कळवेनाशी झाली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. घरात दोन बायका, आणि ऐकू यायचं ते फक्त भांड्यांचं बोलणं. वर्ष असं गेलं. मग ताईला हे पुस्तकाचं काम मिळालं. काम ए अक्षराच्या सुरुवातीलाच होतं तेव्हा एका संध्याकाळी आई घसा साफ करून म्हणाली, "आज काय केलंस?"

ताई दचकलीच. त्या दिवशी अड्रिफ्ट हा शब्द आला होता. तिने सांगून टाकलं, "एक वाक्य लिहिलं. नाव कितीतरी दिवस भरकटत होती, पण खलाशी खचला नाही."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मग वळून म्हणाली, "मग?"

झालं. त्या एका 'मग'साठी ताईने दुसऱ्या दिवशी बीकन या शब्दात खलाशाला लांबवर दिवा दाखवला. आईने पुन्हा विचारलं, मग? कंपस आला, खलाशाने होकायंत्रात दिशा पाहिली. घरात भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या करताना खलाशी पुढे पुढे येऊ लागला. आई इंग्रजीच्या वाटेला कधी गेली नव्हती. ताई तिला सगळं आपल्या भाषेत सांगायची. पण हळूहळू आईला अक्षरांचा क्रम पाठ झाला आणि तिथेच पंचाईत सुरू झाली. कारण वर्णमालेला माणसाच्या आयुष्याची काही पडलेली नसते. डीमध्ये डिसएम्बार्क आला, म्हणजे जहाजातून उतरणं, आणि ईमध्ये एम्बार्क, म्हणजे जहाजात चढणं.

"अगं, आत्ता तर उतरला ना तो? मग चढला कधी?" आईने विचारलं.

"इंग्रजीत आधी उतरतात, मग चढतात," ताई म्हणाली.

"म्हणूनच त्यांचं सगळं उलटं," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या. हसताना ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने कांद्यावर ढकललं. कांदा त्या दिवशी चिरलेलाच नव्हता, पण आईने तसं काही दाखवलं नाही.

मास्तरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जी अक्षरावर ते खिडकीत डोकावले. "बाई, ह्या पुस्तकात माणसं कमी आणि खलाशी जास्त झालेत. हे शब्दांचं पुस्तक आहे, बंदर नाही."

ताईने खरं काय ते सांगितलं. वाटलं, आता मास्तर चांगलंच सुनावणार. पण मास्तर मागे सरकले. त्यांनी खिडकीची झडप लावून घेतली. मात्र दुसऱ्या दिवसापासून पलीकडून असे शब्द येऊ लागले, की ज्यांची कुठल्याच परीक्षेला गरज नव्हती. हेवन, म्हणजे सुरक्षित आसरा. लँडफॉल, म्हणजे लांबच्या प्रवासात पहिल्यांदा जमीन नजरेला पडणं. नॉटिकल, म्हणजे समुद्रप्रवासासंबंधीचं. पुस्तक छापणाऱ्या मालकाने एकदा फोनवर विचारलंसुद्धा, की आपलं पुस्तक इतकं ओलं का झालंय. मास्तर म्हणाले, "इंग्रजांचा देश बेट आहे, त्याला मी काय करू?" आणि फोन ठेवला.

मास्तर शब्द पाठवत होते खरे, पण ताईच कच खात होती. आरमध्ये रियुनियन आला. दुरावलेल्या माणसांची पुन्हा भेट. मास्तरांनी व्याख्या सुरेख अक्षरात लिहिली होती. ताईने पेन उचललं आणि खलाशाला सोडून दोन जुन्या वर्गमित्रांची भेट घडवली. त्या संध्याकाळी आईला तिने वर्गमित्रांचंच सांगितलं. आई "बरं" म्हणाली आणि तेवढ्यावरच थांबली. खरं म्हणजे ताईला भीती वाटत होती. खलाशी एकदा घरी पोहोचला की आई दाराकडे बघेल. दुसऱ्या दिवशी दोन माणसांऐवजी तिघांची कणीक भिजवेल. आणि तो कधीच पोहोचला नाही, तर पुस्तक संपेल तेव्हा आईला सांगायला काही उरणार नाही. खुर्ची, खिडकी आणि भांड्यांचं बोलणं पुन्हा सुरू. पुस्तक संपेपर्यंत काहीतरी सुचेल असं म्हणत तिने एस ढकलला, टी ढकलला, डब्ल्यूमध्ये वेलकम हा सोपा शब्द पुस्तकात नाहीच म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. पण अक्षरं सव्वीसच. आणि एका सकाळी खिडकीतून झील आला, म्हणजे उत्साह.

"आता झेडच ना?" त्या संध्याकाळी आईने विचारलं.

"हो."

"म्हणजे आला जवळ." आई एवढंच म्हणाली. पुस्तकाचा शेवट जवळ आला की खलाशी, ते ताईने विचारलं नाही.

झेनिथ झाला. त्या शब्दात खलाशाच्या डोक्यावर भर दुपारचा सूर्य आला आणि खाली पाणी काचेसारखं थांबलं. मग झेफर आला. मास्तरांची व्याख्या एका ओळीची होती: हळुवार, सुखद झुळूक. त्यानंतर एकच शब्द उरला होता, झेस्ट. आता नाही तर कधीच नाही, असं ताईने ठरवलं. वाफ त्या दिवशी जरा जास्तच होती. समोरची भिंत दिसेनाशी झाली होती, आणि ताईला वाटलं आपण पेन हातात घेऊन धक्क्यावरच उभ्या आहोत. पाण्याला वास येतोय. कोणीतरी पिशवी खांद्यावर टाकून फळीवरून उतरतंय, त्याची चाल ओळखीची आहे, डावा पाय किंचित फेकत टाकायची. तिने लिहिलं: खिडकीतून झुळूक आली, पडदा हलला, खुर्चीतल्या म्हातारीने वर पाहिलं, आणि दार उघडून खलाशी आत आला.

थोड्या वेळाने कार्ड परत आलं. लाल पेन्सिल 'वर पाहिलं'नंतर आडवी फिरली होती.

ताई उठून खिडकीशी गेली. "मास्तर, एवढं एक वाक्य राहू द्या."

"एका वाक्यात एकच गोष्ट."

"शेवटून दुसरा शब्द आहे. इथवर कोण वाचणार आहे?"

"तोच तर मुद्दा," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम साध्या माणसासारखे दिसत. "इथवर जो येईल तो मनापासून आलेला असेल. त्याला तुम्ही काय सांगणार? झुळूक आली की गेलेली माणसं येतात? झुळूक पडदा हलवते, बाई. तेवढीच तिची ताकद. मी तुम्हाला शब्द दिले, हेवन दिला, लँडफॉल दिला, म्हटलं लिहून लिहून मोकळ्या व्हाल. पण शब्दाला खोटं बोलायला लावलेलं मला बघवत नाही."

ताईचा पारा चढला. "तुम्हाला बोलायला काय जातं? तुम्हाला घरी कोणी 'मग?' म्हणून विचारत नाही ना."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नाही विचारत," ते म्हणाले. मग त्यांनी लाल पेन्सिल खणात टाकली. "ठेवा तसंच ठेवायचं असेल तर. मी बघितलं नाही असं समजतो."

ताई कार्ड पर्समध्ये घालून जिना उतरली. रस्त्यावर ऊन कलतं होतं आणि दिवसभराची वाफ जणू तिच्या डोळ्यांतच राहून गेली होती. कोपऱ्यावरच्या अंगणात कोणी एक माणूस वाळक्या झाडाला पाणी घालत होता आणि ती त्याला ऑब्स्टिनेट म्हणून ओळख दाखवणार, इतक्यात त्याने नळ बंद केला. चहाच्या टपरीवरची बाई गाळणीतली पत्ती पुन्हा पातेल्यात टाकत होती. सगळं गाव घरी निघालं होतं. पुलावर ती थांबली. खाली नदी होती, ती कुठेतरी समुद्राला मिळत असणार. त्या पाण्यावरून कोणी येत नव्हतं. ताईने डोळे मिटले, उघडले, तरी कोणी येत नव्हतं, आणि धाकटा कधीच येणार नाही हे तिने त्या पुलावर पहिल्यांदा स्वतःशी शब्दांत म्हटलं. तिने पुलाचा कठडा धरला. येणारेजाणारे बाजूने गेले.

घरी आई खुर्चीत होती. खिडकी उघडी होती.

"काय आला शब्द?"

"झेफर. म्हणजे झुळूक." ताईने पर्स उघडली नाही. कार्डावर काय आहे ते तिला पाठ होतं, दार उघडण्यापर्यंत. तिने पदराने हात पुसले, आईच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "खिडकीतून झुळूक आली, पडदा हलला आणि खुर्चीतल्या म्हातारीने वर पाहिलं."

"मग?"

"एवढंच."

"कोणी आलं नाही?"

"नाही, आई. कोणी नाही आलं."

आता काय होणार म्हणून ताईने अंग आवळून घेतलं. पण आईने हात पुढे केला आणि ताईच्या स्वेटरची बाही दोन बोटांत धरली. कपड्याचा पोत बघावा तशी चुरत राहिली.

"बरं केलंस," आई म्हणाली. "मला धाकधूक होती, तू त्याला घरात आणतेस की काय. मग मला उठून दार उघडायचं नाटक करावं लागलं असतं. या गुडघ्यांनी."

ताईने मान वर केली, तरी आईने बाही सोडली नाही.

"हा स्वेटर कशाचा आहे, माहितीय?"

"तू विणलास."

"विणला मी. पण लोकर कुठून आणली? त्या वर्षी मी घराबाहेर तरी पडले होते का?" आईने बाही उलटी करून आतली बाजू दाखवली. "त्याचा आहे. थंडीच्या सफरीला न्यायचा तो, निळा. त्या खेपेला विसरून गेला होता. तुला काम लागलं, खोली गार आहे एवढंच म्हणालीस, तेव्हा उसवला. दोन दिवस लागले. उसवताना रडले तेवढं रडले, आणि सोडलं त्याला. तो गेला, ताई. उसवलेल्या लोकरीचा कुरळेपणा जात नाही, कितीही धुवा. तुला कळेल म्हणून मी वाट बघत होते."

इंग्रजीतले अवघडात अवघड शब्द जिला वाक्यात बसवता येत होते, तिला साधं "आई" म्हणायला वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "मग तू रोज 'मग?' म्हणून विचारायचीस ते कशाला?"

"अगं, वर्षभर तू तोंडाला कुलूप लावून बसली होतीस. बाजारात जायचीस, यायचीस, पानावर बसून ताटाकडे बघायचीस. मला वाटलं, एक गेलाच आहे, ही पण जाते की काय डोळ्यांदेखत. म्हणून एकदा जीव एकवटून विचारलं, आज काय केलंस. तर तू खलाशाचं बोललीस. म्हटलं, पोर बोलतेय ना, मग खलाशाचं का होईना, बोलू दे." आईने बाही नीट सरळ केली. "मला तर त्या डीमध्येच कंटाळा आला होता त्याचा. चढतो काय, उतरतो काय."

ताई आईच्या मांडीत डोकं घालून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, निळ्या कुरळ्या लोकरीवरून. बाहेर अंधारून आलं तरी कोणी दिवा लावायला उठलं नाही.

"उद्या कोणता शब्द?" बऱ्याच वेळाने आईने विचारलं.

"झेस्ट. शेवटचा. एखादी गोष्ट मनापासून, चवीने करणं."

"एवढं मोठं पुस्तक लिहिलंस. माळी आहे, मावशी आहे, कोण कोण आहे. त्यात तू कुठे आहेस?"

ताईने आठवून पाहिलं. ए नाही, बी नाही. कुठेच नव्हती.

"मग या शेवटच्यात तू ये," आई म्हणाली. "आणि आता ऊठ, भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी ताई लवकर गेली. खाली इस्त्र्या नुकत्या तापत होत्या, वाफ अजून वर आली नव्हती आणि खोली होती तेवढीच दिसत होती: टेबल, खुर्ची, भिंत, भिंतीतली खिडकी. तिने झेफरच्या कार्डावरचं कापलेलं अर्धं वाक्य स्वतःच्या पेनाने पुन्हा एकदा कापलं आणि ते कार्ड पलीकडे सरकवलं. मग झेस्टचं कार्ड पुढ्यात घेतलं. फार वेळ लागला नाही. तिने लिहिलं: निळा स्वेटर घातलेली बाई काल रात्री आईबरोबर चवीने जेवली.

कार्ड तिने खिडकीत ठेवलं आणि ती तिथेच उभी राहिली. "मास्तर, काल मी नको ते बोलले."

मास्तरांनी हात नुसता हवेत हलवला. कार्ड उचललं, वाचलं, पुन्हा वाचलं. खण उघडला, लाल पेन्सिलीकडे पाहिलं आणि खण तसाच बंद केला. मग त्यांनी आपली खुर्ची ओढून खिडकीला लावली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि कधी कोणाला काही न विचारणारा माणूस विचारेल तसं, जरा अडखळत विचारलं, "मग?"